परीक्षा टाळायला त्याने टर्म पेपर निवडला आणि पुढे फॅक्सचं पान मिनिटभरात जायला लागलं

सेमिस्टर संपत आलंय आणि सरांनी ऑप्शन दिलाय: फायनल परीक्षा द्या, नाहीतर एक टर्म पेपर लिहून आणा. तुम्ही काय निवडाल?

१९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड हफमनने टर्म पेपर निवडला. परीक्षेची कटकट नको, एवढाच हिशोब होता.

हफमनचा जन्म ९ ऑगस्ट १९२५ चा, ओहायो राज्यातला. १९४४ मध्ये, विशी गाठायच्या आतच, तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. मग नौदलात गेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर चीन-जपानच्या समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या युद्धनौकेवर रडार सांभाळण्याचं काम त्याच्याकडे होतं. परत येऊन मास्टर्स केलं आणि पीएचडीसाठी एमआयटी गाठली. तिथे माहितीशास्त्र शिकवायला रॉबर्ट फॅनो सर होते.

टर्म पेपरचा प्रश्न वरवर साधा होता. कोणतीही माहिती ० आणि १ मध्ये लिहायची, पण कमीत कमी जागेत. म्हणजे जे वारंवार येतं त्याला छोटा कोड आणि जे क्वचित येतं त्याला लांब. मराठीत 'र' पावलोपावली येतो, 'ञ' कधीतरीच. मग दोघांना सारखी जागा कशाला द्यायची? फक्त एक कोड कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे बरोबर ओळखता आलं पाहिजे.

गंमत अशी की यावर स्वतः फॅनो आणि क्लॉड शॅनन यांनी डोकं लावलं होतं. त्यांची पद्धत चांगली होती, पण दर वेळी सर्वोत्तम कोड देईलच असं नव्हतं. हे फॅनो सरांनी वर्गात सांगितलंच नाही. ठाऊक असतं तर आपण प्रयत्नही केला नसता, असं हफमनने पुढे सांगितलं.

काही महिने गेले, उत्तर सापडेना. शेवटी त्याने परीक्षेचाच अभ्यास करायचं ठरवलं. नोट्स कचऱ्यात टाकताना डोक्यात दिवा पेटला.

फॅनोंची पद्धत वरून खाली जायची, म्हणजे सगळ्या चिन्हांचे दोन गट पाडा, मग त्यांचे आणखी दोन. हफमनने उलटं केलं. सगळ्यात कमी वेळा येणारी दोन चिन्हं घ्या, त्यांची जोडी बांधा, त्या जोडीला एकच चिन्ह समजा आणि पुन्हा तेच करत राहा. शेवटी एकच गठ्ठा उरतो. आता तिथून मागे येत प्रत्येक फाट्यावर एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला १ लिहा. झाला कोड तयार! प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र कोड द्यायचा असेल तर याहून छोटा होऊच शकत नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये हा शोधनिबंध छापून आला.

त्याचा खरा कस लागला फॅक्समध्ये. ए-४ पानाच्या एका ओळीत १,७२८ ठिपके असतात, प्रत्येक काळा किंवा पांढरा. पूर्ण पान म्हणजे जवळपास २० लाख ठिपके. सेकंदाला ४,८०० बिट्सच्या वेगाने ते जसेच्या तसे पाठवले तर सुमारे ७ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ फोनचं बिल चालू. १९८० च्या फॅक्स मानकाने ठिपके एकेक न पाठवता सलग किती पांढरे, सलग किती काळे एवढंच मोजलं आणि त्या आकड्यांना हफमनच्या पद्धतीचे कोड दिले. अक्षराची रेघ साधारण दोन-तीन ठिपक्यांची, म्हणून सलग २ किंवा ३ काळ्या ठिपक्यांना फक्त २ बिट्स. अख्खी कोरी ओळ १७ बिट्समध्ये, वर ओळ संपल्याची छोटी खूण. साधं पत्र मिनिटभरात पोचायला लागलं.

आणि हे सगळं लॉसलेस, म्हणजे पलीकडे प्रत्येक ठिपका जसाच्या तसा उलगडतो.

लॉसी पद्धत असं वचन देत नाही. जेबिग-२ हे काळ्या-पांढऱ्या पानांसाठीचं नंतरचं मानक. त्याच्या लॉसी प्रकारात सारखे दिसणारे आकार एकदाच साठवून जागोजागी चिकटवता येतात. २०१३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या (हो, आपल्याकडे जिच्या नावाने फोटोकॉपी ओळखली जाते तीच) काही मशीनवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात २१.११ चौरस मीटरची खोली १४.१३ ची झाली. फोटो बिघडला तर निदान धूसर तरी दिसतो. इथे आकडा एकदम स्वच्छ होता, फक्त चुकीचा. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं.

झिप फाइल आणि पीएनजीमध्येही हफमन कोडिंग आहे. जेपीईजी फोटोतले बारकावे आधी कायमचे टाकून देतं, पण उरलेलं बांधायला सहसा त्यालाच बोलावतं. हफमनने मात्र पेटंट घेतलं नाही, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्नच आला नाही.

१९६७ मध्ये एमआयटी सोडून तो कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला गेला आणि तिथला कॉम्प्युटर सायन्स विभाग उभा केला. पुढे त्याला कागद दुमडण्याचा नाद लागला. साध्या सरळ घड्या नव्हेत, वक्र घड्या. कागद न कापता त्यातून नवलाचे आकार काढायचे आणि त्यामागचं गणित मांडायचं. १९७६ मध्ये त्यावरही त्याचा शोधनिबंध आला. १९९४ मध्ये तो निवृत्त झाला. १९९९ मध्ये त्याला हॅमिंग पदक मिळालं आणि त्याच वर्षी, ७ ऑक्टोबरला, ७४ व्या वर्षी कॅन्सरने त्याचं निधन झालं.