ग. दि. माडगूळकर

गजानन दिगंबर माडगूळकर ऊर्फ गदिमा (१ ऑक्टोबर १९१९ – १४ डिसेंबर १९७७) हे मराठी कवी, गीतकार, पटकथाकार आणि चित्रपट अभिनेते होते. गीतरामायणाचे कवी म्हणून ते सर्वाधिक ओळखले जात असले, तरी त्यांची कारकीर्द चित्रपटसृष्टीत नट म्हणून सुरू झाली. कथाकार व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे बंधू होत.

== बालपण व शिक्षण ==
त्यांचा जन्म शेटफळे (सध्याचा सांगली जिल्हा) येथे झाला. माडगूळ हे त्यांचे मूळ गाव. त्यांचे काही शिक्षण औंध संस्थानात झाले. घरची गरिबी होती आणि मॅट्रिकची परीक्षाही ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. नोकरीचा सरळ मार्ग असा बंद झाल्यावर ते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीकडे वळले.

== अभिनय ==
हंस पिक्चर्सच्या ब्रह्मचारी (१९३८) या मास्टर विनायक दिग्दर्शित चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ब्रँडीची बाटली (१९३९) या चित्रपटातही त्यांनी काम केले. नायकाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला फारशा आल्या नाहीत. मात्र लेखक म्हणून नाव झाल्यानंतरही, लाखाची गोष्ट (१९५२) यांसारख्या स्वतः लिहिलेल्या चित्रपटांत ते पडद्यावर दिसत राहिले.

== पटकथालेखन ==
रामजोशी (१९४७) या राजकमल कलामंदिरच्या चित्रपटाने त्यांना लेखक व गीतकार म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. शाहिरी आणि लावणीच्या परंपरेची जाण त्यांना येथे उपयोगी पडली. पुढे दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि माडगूळकर या तिघांनी मिळून लाखाची गोष्ट, ऊन पाऊस (१९५४), जगाच्या पाठीवर (१९६०) असे चित्रपट दिले. मध्यमवर्गीयांची ओढाताण आणि हलकाफुलका विनोद यांचा मेळ त्यांच्या लेखनात आढळतो.

व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या हिंदी चित्रपटाचे लेखनही त्यांचेच. कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना शेतीच्या कामाला लावण्याचा प्रयोग औंध संस्थानाने आटपाडीजवळील स्वतंत्रपूर येथे केला होता. चित्रपटाची कल्पना त्यावर बेतलेली आहे. माडगूळकरांना हा माणदेशी परिसर लहानपणापासून परिचित होता. बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल पारितोषिक मिळाले.

== गीतरामायण ==
१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची ५६ गीते प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे होते. दर आठवड्याला नवे गीत वेळेवर पूर्ण करण्याचे बंधन कवीवर होते. निवेदकाऐवजी रामकथेतील पात्रेच येथे गातात; प्रत्येक प्रसंग त्या पात्राच्या दृष्टीतून उभा राहतो. पटकथाकाराची दृष्टी या रचनेत स्पष्ट जाणवते.

== सन्मान ==
१९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्यही होते. अकोला व अमरावतीप्रमाणेच वऱ्हाडात मोडणाऱ्या यवतमाळ येथे १९७३ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुख्यतः चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या, मॅट्रिकही न झालेल्या लेखकाला साहित्यक्षेत्राने दिलेला हा मान होता.

== निधन ==
१४ डिसेंबर १९७७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.