माल आपला, जहाज परक्याचे

दर वर्षी ५ एप्रिलला देशातील बंदरांवर राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. अधिकाऱ्यांची भाषणे होतात, खलाशांना मानचिन्हे दिली जातात. हाच दिवस का निवडला गेला, हे मात्र समारंभाला जमलेल्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १९१९ मध्ये याच दिवशी एक जुनी आगबोट मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाली. तिचे नाव ‘लॉयल्टी’ आणि तिच्या मालकांपैकी एक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. योगायोग असा, की या दिवसानंतर तीनच दिवसांनी, ८ एप्रिलला, त्यांची पुण्यतिथी येते. ती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

महाराष्ट्रात वालचंदांची ओळख आहे ती वालचंदनगरच्या साखरेमुळे, रावळगावच्या गोळीमुळे किंवा मग सांगली आणि सोलापूर येथील त्यांच्या नावाच्या महाविद्यालयांमुळे. परंतु त्यांच्या आयुष्याची उत्तम वर्षे ज्या एका प्रश्नाशी झुंजण्यात गेली, तो प्रश्न मालवाहतुकीचा होता. देशात पिकणारा आणि देशात खपणारा माल वाहून नेणार कोण, आणि त्याचे भाडे कोणाच्या पेटीत जाणार?

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर जैन, कापसाची अडत आणि सावकारी करणारे. मातेचे छत्र जन्मानंतर लवकरच हरपले. मॅट्रिक झाल्यावर मुंबईला आणि पुण्याला महाविद्यालयात नाव घातले खरे, पण पदवी काही हाती लागली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करण्यात त्यांचे मन रमेना. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्या दिवसांत त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ घरची पत होती. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला आणि पहिले मोठे काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या लहानशा टप्प्याचे.

बार्शी लाइट ही अडीच फुटी रुळांची गाडी. बार्शी, लातूर भागातला कापूस आणि धान्य ती कुर्डुवाडीला आणून टाकी. तेथून पुढे मुंबईकडे जाणारा रूळ मोठा. त्यामुळे प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ कुर्डुवाडीत उतरवायची आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवायची, असा क्रम होता. वाघीण मिळाली नाही तर माल पडून राही. एकाच देशात वेगवेगळ्या रुंदीचे रूळ टाकल्यावर व्यापाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे या भागातल्या कंत्राटदाराला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. (हा लहान रूळ लातूरपर्यंत मोठा व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.) पुढे त्यांच्या बांधकाम व्यवसायाचा विस्तार झाला. टाटा कन्स्ट्रक्शन या कंपनीतर्फे बोरघाटातील नव्या बोगद्यांचे काम झाले आणि मुंबई-पुणे मार्गावर गाडी थांबवून तिची दिशा उलटी करण्याची जुनी कटकट संपली.

पहिल्या महायुद्धाने या साऱ्या व्यवस्थेचा कस लावला. रेल्वेच्या वाघिणी लष्कराच्या कामी लागल्या, इंग्लंडहून नवे इंजिन येईना, आणि बंदरात माल साचू लागला. दरांबाबतची तक्रार तर त्याहून जुनी होती. परदेशी पाठवायचा कच्चा माल आतल्या भागातून बंदरापर्यंत स्वस्तात जाई. तोच माल देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावच्या गिरणीत न्यायचा तर दर चढे. युद्धानंतर नेमलेल्या ॲकवर्थ समितीपुढे भारतीय व्यापाऱ्यांनी हे गाऱ्हाणे मांडले. समुद्रावर तर गाऱ्हाणे मांडायलाही जागा नव्हती. कोलकात्याचा कोळसा मुंबईला, रंगूनचा तांदूळ पश्चिम किनाऱ्याला, हा सगळा किनारी व्यापार ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होता. १९१४ मध्ये ती आणि पी अँड ओ एकत्र आल्या आणि दोन्हींची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्याकडे गेली.

अशा वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक बोट विकाऊ असल्याची वार्ता वालचंदांच्या कानी आली. ही बोट मूळची कॅनडियन पॅसिफिक कंपनीची, १८९१ सालची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. युद्धकाळात महाराजांनी ती इस्पितळ-जहाज म्हणून चालविली होती आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेऊन वालचंदांनी ती विकत घेतली. ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांच्या घराण्याचे नाव कंपनीला दिले आणि २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्माला आली. नवव्या दिवशी बोट लंडनला निघाली. स्वतः वालचंद तिच्यावर होते.

व्यवहार म्हणून पाहिले तर हा सौदा फसलाच म्हणायचा. बोट अठ्ठावीस वर्षांची, प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली आणि कोळसा खाण्यात पटाईत. काही फेऱ्यांनंतर ती नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ मध्ये मुंबईतच भंगारात निघाली. पण त्या पहिल्या सफरीत वालचंदांनी इंग्लंडमध्ये सहा मालवाहू जहाजांचा सौदा केला. सिंदियाचा खरा पाया ती सहा जहाजे होत. पुढे कंपनीने आपल्या जहाजांना ‘जल’ या शब्दाने सुरू होणारी नावे देण्याची प्रथा पाडली आणि ती अखेरपर्यंत पाळली.

जहाजे आली, माल मात्र येईना. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भाडे कमी करून प्रतिस्पर्ध्याला बुडविणे ही युक्ती जुनीच होती. १८९०च्या दशकात जमशेटजी टाटांनी चीनकडे सूत नेण्यासाठी काढलेली टाटा लाइन, आणि १९०६ मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी काढलेली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, या दोन्ही तिला बळी पडल्या होत्या. मात्र याहून बेरकी हत्यार होते ते लांबणीवर टाकलेल्या सवलतीचे. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत आपला सगळा माल एकाच कंपनीच्या जहाजांतून पाठविला, तर भाड्याचा काही हिस्सा, साधारण दहा टक्के, त्याला परत मिळे. पण तो लगेच हाती पडत नसे. आणखी काही महिने तो कंपनीकडेच अडकून राही, आणि तेवढ्या अवधीत त्या व्यापाऱ्याने दुसऱ्या कंपनीच्या जहाजात चार पोती जरी चढविली, तरी साठलेली सारी रक्कम बुडे. म्हणजे रंगूनच्या एखाद्या तांदळाच्या व्यापाऱ्याला सिंदियाविषयी कितीही आपुलकी असली, तरी त्याचा पैसा आधीच ओलीस पडलेला असे. स्वदेशीच्या भाषणाला टाळ्या देणारा माणूस दुसऱ्या दिवशी माल इंग्रजी बोटीत भरी, तो केवळ स्वार्थापोटी नव्हे.

सिंदियाची जहाजे बंदरात लागली, की त्या मार्गावरचे दर कोसळत. खर्चही भरून निघू नये अशा भाड्याने दोन्ही कंपन्यांना माल न्यावा लागे. फरक इतकाच की इंचकेप यांचे जाळे अनेक समुद्रांवर पसरले होते, एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून निघे. सिंदियाला दुसरा मार्गच नव्हता. भागधारक धास्तावले. कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव इंचकेप यांच्याकडून आला, तो नरोत्तम मोरारजींनी नाकारला. मात्र १९२३ मध्ये तडजोड करावी लागली. दहा वर्षांच्या या करारानुसार सिंदियाने भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन एवढ्याच किनाऱ्यावर माल न्यायचा, परदेशी मार्गांवर जायचे नाही, प्रवासी घ्यायचे नाहीत, आणि जहाजांचा एकूण आकार ७५ हजार टनांपुढे वाढवायचा नाही. बदल्यात दरयुद्ध थांबणार होते.

नरोत्तम शेठजींनी सही केली. वालचंदांना हा करार गुलामीचा दस्तऐवज वाटला आणि तो सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही. या ठिकाणी दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटते. सही झाली नसती, तर सिंदियाचे नाव आज टाटा लाइनच्या पंगतीत बसले असते. पण सही झाल्यामुळे एक तरुण कंपनी ऐन वाढीच्या वयात खुंटीला बांधली गेली, हेही तितकेच खरे. वालचंदांनी करार मोडला नाही. त्यांनी लढाई बोटींवरून कायदेमंडळात नेली.

किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही शिफारस सरकारने नेमलेल्या मर्कंटाइल मरीन समितीने १९२४ मध्येच केली होती. तिच्यातला एकच भाग सरकारने तत्परतेने उचलला. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर भारतीय तरुणांना नाविक अधिकारी होण्याचे शिक्षण सुरू झाले. अधिकारी तयार होणार, पण त्यांना नोकरी देणारी जहाजे कोठून येणार, याचे उत्तर नव्हते. १९२८ मध्ये सिंदियाशी संबंधित सराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखीव करण्याचे विधेयक मांडले. त्यावरून मोठे रान उठले. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी दोन्ही पक्षांची परिषद बोलावली. ती निष्फळ ठरली. गांधीजींनीही आपल्या लेखणीने देशी जहाजांची बाजू घेतली. अखेर १९३५ च्या कायद्यातच अशी तरतूद आली, की ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा येथील कायदेमंडळाला करताच येऊ नये.

दरम्यान १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे मोटार अपघातात निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. कराराची मुदत संपताच त्यांनी हात-पाय पसरले. १९३७ मध्ये हज यात्रेकरूंची वाहतूक सुरू केली. तेथेही मोगल लाइनने भाड्याचे तेच जुने अस्त्र बाहेर काढले. कोकणच्या बंदरांना जाणारी बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या छत्राखाली आली.

जहाजे चालविणे आणि जहाजे बांधणे यांत अंतर आहे, आणि ते मिटविल्याखेरीज परावलंबन संपणार नाही, असे वालचंदांचे मत झाले होते. कारखान्यासाठी कोलकात्यात जागा मिळेना. विशाखापट्टणमला ती मिळाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. युद्ध ऐन भरात होते, जहाजांची टंचाई भयंकर होती, तरी सरकारने या कारखान्याला युद्धकार्याचा भाग मानले नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि काम थांबवून यंत्रसामग्री हलवावी लागली.

या काळात त्यांनी हाती घेतलेली इतर कामे पाहिली, तर एक सूत्र दिसते. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. युद्धाची निकड म्हणून सरकारने ती लवकरच ताब्यात घेतली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी आणि मालट्रक बाहेर पडू लागले. रूळ, बोट, विमान, ट्रक. माल वाहून नेण्याचे एकही साधन त्यांनी सोडले नाही. एवढ्या ठिकाणी एकाच वेळी हात घातल्याने भांडवलाची ओढाताण सतत होई आणि भावंडांवर, सहकाऱ्यांवर त्याचा भार पडे, हेही नमूद केले पाहिजे. ते हिशेबी व्यापारी नव्हते. कर्ज काढून मोठी उडी घ्यायची आणि मग पायाखाली जमीन शोधायची, असा त्यांचा स्वभाव होता.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला ‘जलउषा’ हे आठ हजार टनी जहाज पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले. किनारी वाहतूकही पुढील काही वर्षांत भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. (कंटेनर वाहतुकीपुरते हे बंधन २०१८ मध्ये सैल करण्यात आले.) परदेशी व्यापारात मात्र चित्र उलटे फिरले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताच्या सागरी व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे; आता तो वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. सिंदिया कंपनी त्याच दशकात कर्जाच्या गाळात रुतली आणि तिची जहाजे एकेक करून गेली. बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊस ही इमारत तेवढी उभी आहे.

वालचंदांना हे काही पाहावे लागले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढल्या वर्षी त्यांनी सारी पदे सोडली आणि पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्याचा दोन-तृतीयांश हिस्सा सरकारने घेतला आणि त्याचे नाव हिंदुस्तान शिपयार्ड झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. समुद्र तेथून बराच दूर आहे.