लुई हॅरॉल्ड ग्रे – किरणांचं माप घेणारा शास्त्रज्ञ

'ग्रे' हे एकक तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. हा रंग नव्हे बरं का, माणसाचं आडनाव आहे! लुई हॅरॉल्ड ग्रे यांचा जन्म १९०५ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला शिकून १९३३ मध्ये ते लंडनजवळच्या माउंट व्हर्नन रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

तिथे कर्करोगावर किरणोपचार चालत. किरण कमी पडले तर गाठ उरते, जास्त झाले तर चांगल्या पेशीही मरतात. मग द्यायचे किती? त्या काळी किरणांमुळे हवेत किती विद्युतभार तयार होतो ते मोजत. ग्रे यांचं लक्ष मात्र शरीरात किती ऊर्जा मुरली याकडे होतं. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. आता बघा हं, सगळ्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले तर उपचाराविना माणूस दगावू शकतो. पण तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम एक सहस्रांश अंशाने तापतं!

ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये मांडलं. मला तर हेच त्यांचं मोठं काम वाटतं. १९६५ मध्ये ते वारले. एककाला त्यांचं नाव मिळालं १९७५ मध्ये. तोवर 'रॅड' चालायचं. १०० रॅड म्हणजे १ ग्रे.