एकच यंत्र, दोन ऋतू : लॉर्ड केल्व्हिन

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून उत्तरेकडे आलेल्या आम्हा मंडळींना पहिला धडा शिकविते ती येथील हवा. पुण्याच्या सौम्य थंडीची सवय असलेल्या माणसाला जानेवारीत शेगडीपासून दूर जाववत नाही, आणि मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्यात त्याची दुपार जाते. घर ऊन ठेवणे आणि घर गार ठेवणे ही दोन वेगळी कामे असून त्यांना साधनेही वेगळीच लागणार, अशी आमची वर्षानुवर्षे समजूत होती. ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत आणि एकच यंत्र ती करू शकेल, हे १८५२ साली गणिताने दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम टॉमसन, अर्थात लॉर्ड केल्व्हिन. त्यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. सहाव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील गणिताचे अध्यापक होते. १८३२ मध्ये त्यांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि सारे कुटुंब समुद्र ओलांडून तेथे गेले. मुलांचे शिक्षण वडिलांनी घरीच केले. त्यांची तयारी एवढी होती की, दहाव्या वर्षी विल्यमचे नाव विद्यापीठाच्या पटावर दाखल झाले. पुढे केंब्रिजला १८४५ च्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले. त्यानंतर काही काळ पॅरिसमध्ये रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत वाफेच्या गुणधर्मांची मोजमापे करण्याचे काम त्यांनी केले. १८४६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८९९ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, त्याच आसनावर राहिले.

पॅरिसमध्ये असताना त्यांना कार्नो या अकाली निवर्तलेल्या फ्रेंच अभियंत्याच्या सिद्धांताचा परिचय झाला होता. उष्णता वरच्या तपमानाकडून खालच्या तपमानाकडे उतरते तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येते, असा त्या सिद्धांताचा आशय होता. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांची जूल यांच्याशी गाठ पडली. काम खर्ची पडते तेथे ठरावीक प्रमाणात उष्णता उत्पन्न होते, हे जूल प्रयोगाने सांगत होते. कार्नोच्या मांडणीत तर उष्णता घटतही नाही आणि वाढतही नाही. दोघांपैकी कोणास सोडावे, या पेचात टॉमसन यांनी काही वर्षे काढली. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तपमानाचे माप मांडले. १८५१ च्या सुमारास त्यांनी दोन्ही विचारांचा मेळ घातला, आणि उष्मागतिकी या शास्त्राचा पाया पक्का झाला.

या पायावर लगेच पुढील वर्षी त्यांनी एक अगदी व्यवहारी प्रश्न घेतला. इमारती हवेच्या प्रवाहाने ऊन किंवा गार करावयाच्या, तर सर्वांत काटकसरीचा मार्ग कोणता? सायकलचा पंप मारताना तो हातास गरम लागतो, कारण दाबलेली हवा तापते. उलट, दट्ट्या ढकलीत हवा प्रसरण पावली की ती थंड होते. टॉमसन यांच्या योजनेत दोन नळकांडी आणि मध्ये पातळ धातूची टाकी होती. पहिल्या नळकांड्यात बाहेरची हवा प्रसरण पावून थंड होई, आणि टाकीत आल्यावर भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेई. दुसरे नळकांडे तिला दाबून पुन्हा मूळ दाबावर आणी, आणि अशी ऊन झालेली हवा दालनात सोडावयाची होती. उन्हाळ्यात हाच क्रम उलटा करावयाचा. हवा आधी दाबावी, तिची उष्णता टाकीतून बाहेर जाऊ द्यावी, आणि मग प्रसरणाने गार झालेली हवा आत घ्यावी.

विहिरीवरील रहाट पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. तसेच हे यंत्र उष्णता केवळ उपसते. म्हणून खर्चही थोडा. सुमारे १० अंश सेल्सिअसची हवा २७ अंशांपर्यंत तापवावयाची, तर सर्वस्वी निर्दोष यंत्रास थेट तापविण्याच्या मानाने साधारण पस्तिसावा हिस्साच शक्ती पुरेल. कोळशावरील एंजिन कोळशातील उष्णतेचा केवळ दहावा हिस्सा कामात उतरवीत असले, तरी हिशेबाने एकतृतीयांशाहून कमी कोळसा लागेल. प्रत्यक्षातील यंत्रे या आदर्शाच्या जवळपासही जात नाहीत, तथापि तत्त्व अचूक होते.

असे असूनही टॉमसन यांनी हे यंत्र घरांसाठी उभारले नाही. हवेचे घनफळ मोठे, तेव्हा नळकांडीही प्रचंड हवीत, आणि घर्षणातच बराच लाभ बुडावा. शिवाय ज्या देशात कोळसा स्वस्त होता, तेथे काटकसरीची निकड कोणास वाटणार? ते स्वतः दुसऱ्या कामांत गुंतले. अटलांटिक महासागरातून टाकलेली तार १८६६ मध्ये कायमची यशस्वी झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याबद्दल त्यांना सर ही पदवी मिळाली. भरती-ओहोटीचे भाकीत करणारे यंत्र त्यांनी योजिले. त्याच धर्तीचे एक यंत्र पुढे हिंदुस्थानच्या बंदरांसाठी इंग्लंडात तयार झाले. सर्वच बाबतींत ते बरोबर ठरले असे मात्र नाही. पृथ्वीचे वय त्यांनी फारच कमी धरले, आणि हवेहून जड विमान उडेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण कोळसा एके दिवशी संपणार, याचा त्यांना विसर पडला नाही. १८८१ मध्ये यॉर्क येथील भाषणात त्यांनी वाऱ्यापासून शक्ती मिळविण्याचा विचार मांडला.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले, तेव्हा त्यांनी विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचे नाव धारण केले. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यानंतर तीस वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात लिम्मात नदीच्या थंड पाण्यातून उष्णता उपसणारे यंत्र बसले. हिवाळ्यात ते दालने ऊन ठेवी आणि उन्हाळ्यात तीच गार करी. त्या देशाजवळ स्वतःचा कोळसा नव्हता, म्हणून तेथे या विचाराची किंमत कळली. आज आपल्या घरांतील भिंतीवरची काही यंत्रे एक कळ दाबताच थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात गार हवा देतात, ती याच तत्त्वावर.

आठव्या वर्षी परमुलखात आलेला हा मुलगा त्या गावी असा रुजला, की अखेर तेथल्या नदीच्या नावानेच जगात ओळखला गेला. घरापासून दूर येऊन येथे पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्या आपणा सर्वांना त्याची ही कथा परकी वाटू नये. येत्या उन्हाळ्यात मुलांनी त्या यंत्राविषयी विचारले, तर त्यांना रहाटाची गोष्ट अवश्य सांगावी.