कराराला जागलेला कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी ज्या कागदावर अंगठा उठवला, त्याला ते गिरमिट म्हणत. किती वर्षे राबायचे आणि किती पगार मिळायचा, हे त्या कागदावर लिहिलेले होते. पण त्यांना वाचता येत नव्हते. कागदात काय आहे ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळे, आणि जे कळे ते नेहमी खरे नसे. त्यामुळे करार म्हटले की आपल्या घराघरांतून आजही फसवणुकीच्याच आठवणी निघतात. शताब्दीच्या या स्मरणिकेत कराराची दुसरी बाजूही मुलांसमोर यावी, म्हणून आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र सांगत आहोत.

आम्ही दुबईत अल बर्शाला राहतो. जवळच अल कूझचा औद्योगिक भाग आहे. तेथील कारखान्यांत गिऱ्हाइकाने दिलेल्या नकाशाप्रमाणे लोखंडी सांगाडे, जिने, टाक्या बनतात. आमच्या ओळखीच्या कित्येक मुलांचे वडील अशा कामांवर देखरेख करतात. बाबा नेमके काय करतात, हे मात्र मुलांना सांगता येत नाही. दुकानात वस्तू आधी तयार असते आणि गिऱ्हाईक नंतर येते. या धंद्यात गिऱ्हाईक आधी येते आणि वस्तू अजून जगात नसते. तिची मापे घ्यायची, नकाशा काढायचा, किंमत आणि मुदत कबूल करायची, कच्चा माल जमवायचा, कारागिरांना कामे वाटून द्यायची, आणि ठरल्या दिवशी ठरल्यासारखा माल हवाली करायचा. यातला एक दुवा निसटला की तोटा बनवणाऱ्याच्या माथी बसतो. लक्ष्मणरावांचे अर्धे आयुष्य हे शिकण्यात गेले.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत असे निघाले. रंग सुटले, तरी रेघ सुटली नाही. ते यंत्रांचे नकाशे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे थोरले बंधू रामूअण्णांबरोबर १८८८ पासूनच सायकलींचे दुकान चालू होते. दोघांनी एक लहानसा कारखाना काढला आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. नुसती वस्तू चांगली असून भागत नाही, वापरणाऱ्याच्या मनातली शंकाही फेडावी लागते, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

तेवढ्यात नगरपालिकेच्या हुकुमाने बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. औंध संस्थानात त्यांनी देवळाच्या मंडपाचे काम घेतले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना त्यांच्या कामाची पारख झाली होती. त्यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि कुंडल रोड या आडवळणी रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीनही दिली. तेथे निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. पण रेल्वे दाराशी होती. कोळसा-लोखंड आणायला आणि तयार माल पाठवायला तिचा उपयोग होता. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन तेथे उतरले. त्याच जागेची पुढे किर्लोस्करवाडी झाली.

ही तारीख आपण विसरू नये. त्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी १९१० मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव कौन्सिलात मांडला होता. एकीकडे माणसांना बांधणारा करार मोडण्याची सुरुवात होत होती आणि दुसरीकडे माळावर, कामाने माणूस उभा करणारा करार रुजत होता.

वाडीत कामगारांसाठी घरे झाली, शाळा झाली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले. ज्यांना कोणी दाराशी उभे करत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी दार सोपवले. नांगराबरोबर ऊस पिळण्याचे चरक आणि भुईमूग फोडण्याची यंत्रे बनू लागली. आपले पूर्वज ज्या उसापायी समुद्रापार नेले गेले, त्याच उसाच्या चरकाने इकडच्या कारागिरांची चूल पेटली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. मागण्या तर घेतलेल्या होत्या, आणि शेतकऱ्याला नांगर पेरणीच्या आधीच लागतो. नंतर तो देऊन उपयोग नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. मुलांना हा प्रसंग सांगितला की ती हमखास गप्प होतात.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पंप आले, पुढच्या पिढीने हरिहरला लेथ आणि पुण्याला तेल-इंजिने बनवली. लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

अल कूझच्या कारखान्यांतून राबणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या आपल्या माणसांना आम्ही एवढेच सांगू की गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आणि कामगाराला दिलेला शब्द ही एकाच कागदाची दोन पाने आहेत. लक्ष्मणरावांनी एक पान पाळण्यासाठी दुसरे फाडले नाही. गिरमिटावर अंगठा उठवणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी वाचल्यावाचून कुठल्याही कागदावर सही करू नये. आणि ज्या कागदावर आपण दुसऱ्याची सही घेऊ, तो त्याला समजेल अशा भाषेत आधी वाचून दाखवावा. आमच्या पूर्वजांना तेवढे कोणी वाचून दाखवले असते, तर आपला इतिहास वेगळा झाला असता.