फादर थॉमस स्टीफन्स : तिशीनंतर शिकलेली भाषा



बदली होऊन मोखाड्याकडे आलेली नर्स किंवा गुरुजी सुरुवातीला गोंधळतात. पुस्तकातली मराठी त्यांना येत असते, पण पाड्यावरची आजी वारलीत किंवा कातकरीत दुखणे सांगू लागली की ती अपुरी पडते. मग दुभाष्या बोलवावा लागतो, आणि दुभाष्यासमोर माणूस सगळेच सांगत नाही. दवाखान्यात हे अवघड, तर पापनिवेदनात दुभाष्याला जागाच कुठली? चारशे वर्षांपूर्वी गोव्यात आलेल्या एका इंग्रज धर्मगुरूपुढे हाच प्रश्न होता. त्यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या काळात तिथे कॅथॉलिक म्हणून जगणे धोक्याचे होते. त्यांचे मित्र थॉमस पाऊंड यांनी श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. वय तीस. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. पत्र लिहिणाऱ्याचा तो हेतू खासच नव्हता.

त्यांची नेमणूक साष्टीत झाली. ही मुंबई-ठाण्याची साष्टी नव्हे, गोव्यातली. मडगाव, राशोल ही तिथली गावे. सुमारे चाळीस वर्षे ते त्याच भागात राबले. राज्य पोर्तुगीजांचे, पण घरात आणि शेतात बोलणे कोकणीत, आणि पुराण-कथा ऐकायच्या त्या मराठीत. शिकायला छापील व्याकरण नव्हते. लोकांच्या तोंडून ऐकावे, बोलावे, चुकावे आणि टिपून ठेवावे, एवढाच मार्ग. मोठ्या माणसाला हे जड जाते, पोरे हसतात. पण त्या टिपणांतून कोकणीचे व्याकरण तयार झाले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोल येथे छापले गेले. कोणत्याही भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. १५८३ मध्येच त्यांनी भावाला कळवले होते की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. हीच गोष्ट विद्वानांनी गांभीर्याने मांडली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी.

१५८३ हे वर्ष साष्टीत रक्ताचे होते. पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती, लोक चिडलेले होते. जुलैत कुंकळ्ळीला फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना गावकऱ्यांनी ठार केले. पुढे सरकारने बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या प्रमुखांना बोलावून मारले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात असे आम्हाला वाटते. पहिलीच सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा ठिकाणी स्टीफन्स पुढची पस्तीस वर्षे लोकांची भाषा बोलत राहिले.

बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे गेली होती आणि त्या जागी काहीच आले नव्हते. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण पाठ होते, पण त्याने कान तृप्त होत नाहीत. एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने असेच गाऱ्हाणे मांडल्याचे फादरांनी आपल्या ग्रंथातच दाखवले आहे. तो ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली तो राशोलला छापला गेला. दोन भाग, जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून त्यांनी लोकांच्या बोलीतले शब्द मराठीत मिसळले. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला शब्द म्हणजे कल्पनेचे वस्त्र वाटे, एक काढून दुसरे घालावे. ख्रिस्तपुराण वाचल्यावर ते तितके सोपे वाटत नाही. ‘वैकुंठ’ ऐकणाऱ्याच्या मनात आजोळच्या कीर्तनाचा नादही येतो, आणि फादरांना तोही हवा होता. मराठीची थोरवी गाताना मोगरा, कस्तुरी, मोर असे इथलेच दाखले त्यांना सुचले.

रविवारी आणि सणांना हा ग्रंथ देवळात वाचून दाखवत. मंगळूरकडेही तो पोहोचला. टिपू सुलतानाच्या कैदेत तिथल्या ख्रिस्ती लोकांना या ओव्यांचा आधार होता, असे सांगतात.

एक इच्छा मात्र राहिली. इथले पुस्तक इथल्याच लिपीत छापावे, असे त्यांनी १६०८ साली येशूसंघाच्या प्रमुखांना कळवले होते. अडचण साच्यांची होती. युरोपात चोवीस साच्यांत काम भागे, इथे सुमारे सहाशे लागले असते. म्हणून ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत निघाले. १६१९ साली फादर वारले. पहिल्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही. १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत तो पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली काढला, पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.