डॉ. होमी भाभा

विमानाची खरी कसोटी भूमीवर उतरतांना लागते, हें सोलापूरकरांस निराळें सांगावयास नको. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या वाटेंत येणारी साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्यें पाडण्यांत आली, तो प्रसंग सर्वांच्या स्मरणांत आहे. अशाच उतरणीच्या वेळीं भारताचा एक थोर शास्त्रज्ञ काळानें हिरावून नेला.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं एका सधन पारशी कुटुंबांत झाला. मुलानें यंत्रशास्त्र शिकून टाटांच्या पोलाद कारखान्यांत कामास लागावें, अशी वडिलांची इच्छा. म्हणून १९२७ सालीं त्यांस केंब्रिजला धाडण्यांत आलें. त्यांचें मन मात्र पदार्थविज्ञानांत गुंतलें. तरीही त्यांनीं यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत देऊन वडिलांचें समाधान केलें, आणि मगच आपला आवडता विषय हातीं घेतला. १९३९ सालीं ते सुटीवर स्वदेशीं आले असतां युरोपांत युद्ध पेटलें व परत जाणें राहिलें. तें राहिलें हें आपलें भाग्यच! बंगळूर येथें विश्वकिरणांचा अभ्यास, १९४५ सालीं टाटा संशोधन संस्थेची स्थापना, १९४८ पासून अणुशक्ति मंडळाचें अध्यक्षपद, १९५६ सालीं तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी, अशीं कार्यें एकामागून एक होत गेलीं. शिवाय ते चांगले चित्रकार होते. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद १९५५ सालीं जिनीव्हा येथें भरली, तिचें अध्यक्षस्थान त्यांनींच भूषविलें.

त्याच जिनीव्हास २४ जानेवारी १९६६ रोजीं सकाळीं एअर इंडियाचें कांचनजंगा विमान उतरावयाचें होतें. भाभा व्हिएन्ना येथील सभेस निघाले होते. भूमीवरील केंद्रांतून निघणाऱ्या बिनतारी लहरी विमानांतील यंत्र पकडतें, आणि आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेस आहोंत हें वैमानिकास कळतें. अशा यंत्रांपैकीं एक बैरूट सोडतांनाच नादुरुस्त होतें, व वैमानिकास तें ठाऊक होतें. माँ ब्लाँ पर्वतापासून आपण कोठें आहों, याचा त्याचा अदमास चुकला. जिनीव्हाच्या नियंत्रकानें रडारवर पाहून ती चूक ओळखली व विमानास कळविलेंही. परंतु त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वताची धार मागें पडली अशा समजुतीनें वैमानिकानें विमान खालीं आणणें चालूं ठेविलें. सुमारें ४,८०७ मीटर उंचीच्या त्या पर्वताच्या माथ्यानजीक तें आदळलें. ११७ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं, १९५० सालीं, एअर इंडियाचेंच दुसरें एक विमान याच पर्वतावर नष्ट झालें होतें.

घातपाताच्या कंड्या आजही अधूनमधून पिकतात. फ्रेंच चौकशी मंडळानें दिलेलें कारण मात्र वर सांगितलें तेंच आहे, आणि कोणत्याही कटाच्या कथेपेक्षां तेंच मनास अधिक चटका लावतें.

भाभा त्या वेळीं अवघे छप्पन वर्षांचे होते. १९६७ सालीं तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें.